केळ्यांच्या चेंबरमधली रेड वाइन

कोमट रेड वाइन कशी लागते ते आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. खोकल्याच्या औषधाची बाटली एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर विसरायची, दुपारी झाकण उघडायचं आणि नाक आत घालायचं. आधी स्पिरिटची वाफ येते, डोळे चुरचुरतात, आणि घोट घेतलाच तर जिभेवर काहीतरी केसाळ चिकटून बसतं, ते पाण्यानेही जात नाही. ठिबकवाल्या काकांनी मला त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसवून हे प्यायला दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले, आता ही वाहवा म्हणणार म्हणून.

ठिबकवाले काका म्हणजे पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. शहाद्यात त्यांची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी आहे. गेल्या वर्षी नाशिकला एक वायनरी फिरून आले आणि तेव्हापासून बिघडले. शोकेसमध्ये आधी गणपती आणि लग्नातल्या भेटवस्तू होत्या, आता तिथे बाटल्या उभ्या, वरून लायटिंग, म्हणजे बाटल्या दिवसभर भाजतात. उभ्या, उजेडात, पत्र्याखाली. मला बघवत नव्हतं.

"काका, ही गरम आहे."

"मंग? रेड रूम टेम्परेचरलेच पितस ना? लिखेल शे बाटलीवर. हाई रूमच शे ना वं?"

त्या रूममध्ये कूलर चालू असून कपाळावरून घाम गळत होता. मी त्यांना समजावलं की ते रूम टेम्परेचर थंड देशातल्या दगडी घरांचं असतं, आपल्या घरांचं नसतं. रेड सोळा ते अठरा डिग्रीला द्यायची. व्हाइट आठ-दहाला. बुडबुडेवाली त्याहून थंड. रेड जास्त गरम झाली की नुसती दारू नाकात जाते, फार गार झाली की नुसता तुरटपणा उरतो, कच्चं केळं चावल्यासारखा. आणि ग्लासही तापलेला नको, नाहीतर सगळी मेहनत वाया. हे सगळं मी एका दमात बोलले, मला या विषयावर थांबता येत नाही. काका मान डोलवत ऐकत होते आणि शेवटचं ग्लासाचं वाक्य त्यांच्या डोक्यात कसं बसलं हे मला तेव्हा कळलं नाही.

आता माझं सांगते. मी नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग वाइनचा कोर्स केला, आणि एका द्राक्षमळ्यावरच्या टेस्टिंग रूममध्ये मला नोकरी लागली. पाहुण्यांना वाइन चाखायला द्यायची, तिच्याबद्दल सांगायचं, तापमान सांभाळायचं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. मी घरी आले, पप्पांना सांगितलं, पप्पा म्हणाले "बघू". त्यांचं ते "बघू" मग घरभर फिरत राहिलं, जेवताना, टीव्ही बघताना, गाडी धुताना. मला तिकडून दर दोन दिवसांनी फोन, मॅडम येताय ना. आत्या तर फोनवर सरळ म्हणाली, "पोर इतली शिकनी आनि काय शिकनी, दारू पाजानं." आमच्या घरात दारू सोडा, अंडं येत नाही. पप्पा चहासुद्धा अर्धा कप पितात.

काकांना हे माहीत होतं. म्हणून ते म्हणाले, "ठिबकनी कंपनीना सुरतवाला साहेब येणार शेतस. तू वाइन वाढ. तुन्हा बापले बी बलावस. तो दखी की हाई इज्जतनं काम शे. मंग मी बोलस त्याना संगे."

मला दुसरं काय पाहिजे होतं. मी तिथेच कागदावर क्रम लिहायला घेतला, आधी कुठली, मग कुठली, किती डिग्रीला. व्हाइट बर्फात ठेवू. पण रेड कुठे ठेवायची? काकांचा फ्रिज चारवर आणि आत पाय ठेवायला जागा नाही, ताक, लोणची, कैऱ्या, इंजेक्शनं म्हशीची. बाहेर भट्टी. सोळा डिग्री शहाद्यात असते कुठे?

"तुन्हा बापनं चेंबर," काका म्हणाले.

पप्पांचं प्रकाशा रोडला केळी पिकवायचं चेंबर आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: मोठी बंद खोली, थंड, ओलसर. आत प्लास्टिकच्या क्रेटमध्ये हिरवी केळी छतापर्यंत रचायची, दार लावायचं, गॅस सोडायचा, तापमान सोळा-सतराच्या आसपास धरायचं, मग हळूहळू उतरवायचं, आणि काही दिवसांनी सगळा माल एकसारखा पिवळा. दार सारखं उघडलं तर गरम हवा शिरते आणि केळी वरून मळकट, आतून उकडल्यासारखी होतात. मी त्या वासात वाढले. तो गोड, जाड, गळ्यात बसणारा वास माझ्या युनिफॉर्मला यायचा, दप्तराला यायचा, शाळेत माझ्या बाकावर कोणी बसलं की आधी नाक मुरडायचं. मला केळं बघवत नाही. प्रसादातलं केळं मी आजही ओढणीत गुंडाळून कुणाच्या तरी हातात देते. नाशिकला पहिल्या क्लासमध्ये सरांनी ग्लास नाकाशी धरायला लावला आणि विचारलं काय जाणवतं, मी म्हटलं केळी, आणि ग्लास लांब धरला. सर खूश. म्हणे बरोबर, काही ताज्या वाइनला येतो तो वास. म्हणजे मी एवढं लांब पळाले तर तिथेही ते आधीच येऊन बसलेलं.

पण चेंबरच्या थर्मामीटरवर सोळा दिसत होतं. मी पप्पांना विचारलं. आत रामनवमीच्या उपवासाचा माल होता, इंदूरच्या व्यापाऱ्याचा. पप्पा म्हणाले, "दारपाशी ठेव. आनि एकच दाव दार उघडजो." एकदाच दार उघडायचं, एवढंच. संध्याकाळी मी रेडचे खोके दाराजवळ आडवे ठेवले, दार लावलं, किल्ली काकांच्या ड्रायव्हरकडे दिली, कारण दुसऱ्या दिवशी खोके आणायला तोच जाणार होता.

कार्यक्रम दुपारी चारला, काकांच्या शेतातल्या शेडमध्ये, कारण साहेब लोकांची परतीची गाडी संध्याकाळी नंदुरबारहून. तिघं आले. तिकडे गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे गाडीतून उतरतानाच चेहऱ्यावर सुट्टी. सगळ्यात मोठे साहेब पांढऱ्या लिननच्या शर्टात, परदेशात फिरलेले, हे त्यांनी चप्पल झटकायच्या आधी सांगितलं.

बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, भुशात गुंडाळून आलेली. मी धुतली, पाण्याचा एक निळा ड्रम अर्धा कापून त्यात फोडून टाकली, पाणी घातलं, मीठ घातलं, व्हाइटच्या बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या. बाटल्या छान गार झाल्या. मी जरा मागे वळले तर दोन नंबरचे साहेब त्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून बर्फ काढतायत आणि स्वतःच्या ग्लासात टाकतायत. भुसा, मीठ, बाटल्यांच्या लेबलांचा डिंक, सगळं त्या पाण्यात. ते चोखून म्हणाले, "थोडा सॉल्टी है, अच्छा है."

तिसरे साहेब व्हाइटमध्ये लिंबू सोडा घालत होते. ठीक आहे, घाला. मी हसून दुसरीकडे बघितलं. पप्पा एका खुर्चीवर टोकाला बसले होते, पांढरा सदरा, हातात पन्ह्याचा ग्लास, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी बाटली कशी धरते, किती ओतते, सगळं. मी एकदम ताठ.

मग ड्रायव्हर चेंबरमधून रेडचे खोके घेऊन आला. आणि मागोमाग ग्लासांचे ट्रे.

"हे ग्लास तिथे कशाला?"

"काकास्नी सांगं व्हतं ताई. ग्लास बी सोळा डिग्रीले पाहिजे. काल सांजले मी आखा ठेवी दिन्हात क्रेटवर, उलटा."

रात्रभर. उघडे. पिकणाऱ्या केळ्यांवर पालथे. म्हणजे प्रत्येक ग्लासाच्या पोटात चेंबर भरून आलं होतं. मी पहिला ग्लास उचलला तर बाहेरच्या हवेत तो लगेच घामेजला, ओघळ माझ्या मनगटावरून कोपराकडे, आणि वास. तो वास. मी नॅपकिनने पुसला, नॅपकिनला वास. दुसरा पुसला, त्याला आधीच्या नॅपकिनचाही वास. धुवायचं म्हटलं तर टाकीचं पाणी उन्हाने इतकं तापलेलं की चहाला वेगळं उकळायची गरज नाही. ग्लासाच्या आत, तळाशी, एक चिलट मेलेलं होतं, त्या बारीक माश्या असतात ना सडक्या फळावरच्या, ती. ते मी नखाने काढलं आणि नख कुठे पुसायचं ते कळेना.

आणि मी ओतली. काय करणार, तिघं समोर, काका घोषणा करून मोकळे, "आता खास माल, एकदम सोळा डिग्री."

मोठ्या साहेबांनी ग्लास गोल फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. मग ते सावकाश म्हणाले, "बनाना. राइप बनाना."

"हा हा," दोन नंबरचे लगेच, "केळानी सुगंध आवे छे."

"और पीछे थोडा स्पाइस है. गार्लिक जैसा कुछ. बहुत कॉम्प्लेक्स वाइन है."

त्यांनी घोट घेतला, गुळण्या केल्यासारखा तोंडात फिरवला, गालाचे फुगे या बाजूला, त्या बाजूला, आणि मग प्रोफेशनल लोक थुंकतात तसं थुंकून दाखवलं. थुंकायला मी स्टीलची बादली ठेवली होती. ते माझ्या बुटाच्या शेजारी गवतावर थुंकले. थोडं बुटावर. काकांनी टाळी वाजवली.

मला माहीत होतं तो वास वाइनचा नाही. एका रात्रीत बंद बाटलीत काही शिरत नाही. पण लसूण कुठून? तेवढ्यात मोठे साहेब पप्पांकडे गेले, प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून. "भाईसाब, पीना मत. सिर्फ सूंघो. बेटी का कमाल है."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग ग्लास घेतला आणि नाकाशी नेला.

"हाई ते मन्ह चेंबर शे," ते म्हणाले.

सगळे हसले. काकांना तर ठसका लागला. पप्पांनी परत वास घेतला, आणि त्यांचं तोंड बदललं, कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

"चेंबरमा काय ठेवं तू?"

"काही नही भाऊ."

"काय ठेवं?"

"कोंबडीना टब ठेवा व्हता फक्त. काकास्ना फ्रिजमा जागा नव्हती."

शेडच्या मागे शेगडी पेटलेली होती आणि सळ्यांवर लाल तुकडे लावणं चालू होतं. आलं-लसूण-दह्यात कालवलेलं चिकन, काल संध्याकाळपासून चेंबरमध्ये. मी स्वतः नाशिकला चिकन खाते, घरी माहीत नाही, म्हणजे आता कळेल. पण चिकन चारच्या खाली ठेवायचं असतं. सोळा डिग्रीला रात्रभर ते सांभाळलं जात नाही, त्यात जंतूंची शेती होते. मी शेगडीजवळ गेले आणि टबात उरलेल्यावर वाकले. वरून मसाला, आणि मसाल्याखालून तो दुसरा वास, गोड, मऊ, ओल्या फडक्यासारखा. दह्याला फेस आलेला.

"काका, हे फेका. खराब झालंय."

"खराब कसं व्हई? थंडीमा व्हतं ना. सोळा डिग्री तूच सांगेल शे."

"ते वाइनचं."

"वाइनले चालस ते कोंबडीले कसाले नही?"

मी सळ्या उचलल्या आणि सगळं राखेत टाकलं. आचारी बघत राहिला. काका हळू आवाजात, दात दाबून म्हणाले, "साहेबसना समोर इज्जत घालाडी मन्ही." मग मी साहेबांच्या हातातले ग्लास गोळा केले, म्हटलं पुढच्या वाइनला वेगळे ग्लास लागतात, आणि काकांच्या घरातल्या स्टीलच्या पेल्यांत रेड ओतून दिली. मोठ्या साहेबांनी पेला फिरवला, वास घेतला आणि जरा नाराज झाले. बनाना गेलं होतं.

पप्पांची खुर्ची रिकामी होती.

मी स्कूटी काढली. चेंबरचं दार सताड उघडं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मी एप्रनचं टोक नाकावर धरलं. केळी, लसूण, आणि ते. टब एका थप्पीच्या वर ठेवलेला होता, उतरवून नेताना कलंडला असणार, कारण लाल पाणी क्रेटच्या भोकांमधून खाली, त्या खालच्या क्रेटमध्ये, तिथून त्याच्या खालच्या, असं जमिनीपर्यंत उतरलं होतं. पिवळ्या पडत आलेल्या केळ्यांवर तेलाचे लाल ओघळ. एका फणीच्या बेचक्यात चिकनच्या कातडीचा तुकडा. आणि आत थंडी उरलीच नव्हती, काकांची माणसं दिवसभर आत-बाहेर करत होती, पाण्याचे बॉक्स, पनीर, कोल्ड्रिंक, सगळं तिथेच गार करून घेतलं होतं.

पप्पा मधोमध उभे. अनवाणी. चेंबरमध्ये ते चप्पल घालून जात नाहीत. हमालांचे डबे बाहेरच्या खिळ्याला. तापीची मासळी खाऊन आलेल्या माणसाने आधी हात धुवायचे, विडी तर गेटच्या बाहेर. हे कुठे लिहिलेलं नाही, पण तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

ड्रायव्हर माझ्या मागून आला होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, वरला वरला पुसी टाकूत. इंदूरले कोनले समजनार शे?"

पप्पांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी फोन काढला, व्यापाऱ्याला लावला आणि म्हणाले, "उपवासनी गाडी येवाव नही. माल खराब व्हयना. मन्हाकडून व्हयना." पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. पप्पा ऐकून घेत होते. मग फोन खिशात, आणि त्यांनी सगळ्यात वरचा क्रेट उचलला.

मी दुसरा उचलला. काळ्या एप्रनमध्ये, बुटावर साहेबांचं थुंकलेलं, हातात ती चिकट केळी. एक फणी माझ्या अंगठ्याखाली फुटली आणि आतला गर कोमट होता. मला एवढी किळस आली की रडायला यायला लागलं, आणि त्याहून जास्त हे, की आता संपलं. दारू, कोंबडी, उपवासाचा माल, हे सगळं पप्पांच्या डोक्यात एकाच टबात पडलं असणार, आणि त्या टबावर माझं नाव. आत्याला सांगायचं कामच उरलं नाही.

ड्रायव्हर निघून गेला. आम्ही दोघं क्रेट बाहेर काढत राहिलो, अंगणात उलटे करत राहिलो. माश्या आल्या. पुढचा क्रेट उचलताना पप्पा बोलले, माझ्याकडे न बघता.

"तू जठे जाई ऱ्हायनी, तठे बाटल्या कोठे ठेवतस?"

"एक खोली शे पप्पा. जमिनीना खाले. थंडी."

"तठे आखो काय ठेवतस?"

"काहीच नही. फक्त बाटल्या. दुसरं काही ठेवू देतस नही."

"कोन्ही जेवाले बसस?"

"जेवण ते सोडा, सेंट लाईसन बी जाऊ देतस नही. डोकाले वासनं तेल नही. मले पहिलाच दिवस सांगं त्यास्नी. बाटलीले वास लागाले नको."

पप्पांनी हातातला क्रेट खाली ठेवला. सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं, बाहीला लाल लागलं होतं, ते कपाळाला लागलं. ते त्या खोलीकडे बघत होते, भिंतीवर खालपर्यंत आलेले ओघळ.

"चाखाले देवानं ते बी तू आठे करं तसंच? लोके तठे बी थुकतस?"

"थुकतस. पन बादलीमा."

"हं."

त्यांनी परत क्रेट उचलला, बाहेर नेला, उलटा केला. परत येताना दारात थांबले.

"मंग जाय."

मला वाटलं चेंबरमधून जा म्हणतायत, मी हात पुसत बाहेर निघाले. ते म्हणाले, "नाशिकले," आणि कोपऱ्यातला नळ दाखवत पुढे, "पन आधी पाईप आन. आनि फिनाईल नको, नुसतं पानी. फिनाईलना वास महिनाभर जात नही."

मी पाईप आणला. पाणी भिंतीवर मारलं तसं सगळं लाल-पिवळं होऊन पायांवरून वाहत दाराकडे निघालं, त्यात केळ्याची सालं, गराचे गोळे, आणि मी नाकाने श्वास घेणं बंद केलं.